पालथ्या घड्यातलं आकाश

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. बाकीचे नऊ कुठे राहतात याची चौकशी मी कधी केली नव्हती. मुलीनं कुंभकोणमचा मुलगा पसंत केला, निवृत्तीनंतर आम्ही दोघं नातीसाठी म्हणून तिच्याकडे मुक्कामाला आलो, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की उरलेले नऊही इथेच असतात. प्रत्येकाचं स्वतंत्र देऊळ. सूर्य सूर्यनार कोविलला, चंद्र तिंगळूरला, मंगळ वैत्तीश्वरन कोविलला, बुध तिरुवेंकाडूला, गुरू आलंगुडीला, शुक्र कंजनूरला. राहू तिरुनागेश्वरमला, म्हणजे आमच्या घरापासून जेमतेम सहा-सात किलोमीटर. सूर्य मात्र पंधराएक किलोमीटर लांब. शनी तिरुनळ्ळारला, आणि तिरुनळ्ळार येतं पुदुच्चेरीच्या कारैकाल भागात. तेव्हा आमच्या सूर्यमालेत शनी हा केंद्रशासित आहे. केतू कीळपेरुम्पळ्ळमला. हे नाव मराठी जिभेला नीट म्हणता येईपर्यंत केतूची सात वर्षांची महादशा आपोआप संपते.

एका दिवसात नऊही ग्रह करून आणणाऱ्या बसा इथून सुटतात. 'व्हॉयेजर-१' यानाला शनीपर्यंत पोचायला तीन वर्षं लागली. आमची बस इडलीला आणि कॉफीला थांबूनही दिवसाभरात शनी उरकते.

अशा गावात मी घरातल्या घरात तारांगण काढलं. नागपूरला जाताना पिशवीतून संत्री न्यावीत, त्यातलाच हा प्रकार.

मूळ दोष माझ्या शाळेच्या सहलीचा. पुण्यात टिळक रोडला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण आहे, १९५४ साली सुरू झालेलं. त्यात स्पिट्झ नावाच्या अमेरिकन गृहस्थानं काढलेलं यंत्र होतं. जर्मनीतल्या झाइस कंपनीनं १९२३ साली पहिलं तारांगण-यंत्र बनवलं खरं, पण ते भिंगांचं, अवाढव्य आणि किमतीला म्हणाल तर संस्थान विकून घेण्यासारखं. स्पिट्झनं युक्ती केली. भिंगं काढून टाकली आणि बारा बाजूंच्या खोक्याला भोकं पाडून आत एक दिवा ठेवला. संपलं! भोकातून उजेड आला की तारा. अंधारात मान वर करून बसलेल्या आमच्या 'ब' तुकडीला ते काही माहीत नव्हतं. मास्तरांचा हात कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही अशी जागा म्हणून आम्हाला ती आवडली होती. पण बाहेर येताना मी त्या यंत्राजवळ गेलो आणि बघितलं, तर खरोखरच भोकं! विश्वाचं रहस्य इतकं किरकोळ असेल असं वाटलं नव्हतं. ते डोक्यात पन्नास वर्षं राहिलं.

या छंदात आज तीन जाती आहेत, आणि नवख्या माणसाला त्या सुरुवातीलाच सांगून टाकाव्यात. सगळ्यात स्वस्त म्हणजे 'गॅलेक्सी प्रोजेक्टर' या नावानं मिळणारा दिवा. माझ्या भाच्यानं एकसष्टीला तोच दिला. लावला की छतावर जांभळे ढग फिरतात आणि हिरव्या ठिपक्यांचा सडा पडतो. आभाळात डोळ्याला हिरवा दिसणारा एकही तारा नाही. शिवाय नीट बघितलं तर तीच नक्षी शेजारी-शेजारी पुन्हा पुन्हा उमटलेली असते, साडीच्या काठासारखी. मुंजीच्या हॉलला तो शोभतो. दुसरी जात श्रीमंतांची. जपानमध्ये ओहिरा नावाचा माणूस विद्यार्थी असतानाच घरी भिंगांचं तारांगण बनवून बसला, आणि २००५ साली त्याच्या मदतीनं सेगा टॉइज या खेळणी-कंपनीनं 'होमस्टार' बाजारात आणलं. चेंडूएवढं यंत्र, त्यात तबकडी घालायची. त्याच्या पुढच्या नमुन्यांत साठ हजारांपर्यंत तारे दिसतात. नुसत्या डोळ्यांनी काळ्याकुट्ट अंधारातसुद्धा एका वेळी दोन-तीन हजारांच्या वर दिसत नाहीत. उरलेले पैसे दिल्याबद्दल. आणि तिसरी जात आमची, भोकं पाडणाऱ्यांची.

भोकं पाडायला गोल भांडं हवं. कुंभकोणमला पितळेच्या भांड्यांची काय वाण? समया, कॉफीचे पेले आणि वाट्या, आणि कमरेवर नेमका बसणारा तो तमिळ घडा, 'कुडम'. बूड छान गोलाकार. मी एक घेतला आणि दुकानाच्या मागेच बसलेल्या कारागिराला, जावयाला दुभाषी करून, म्हटलं, "याला भोकं पाडून हवीत."

"किती?"

"पावणेतीनशे."

त्या माणसाचा उभा जन्म भांडी गळू नयेत या एका ध्येयापायी गेला होता. त्यानं आधी जावयाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा जावयाकडे. सासरा आहे म्हटल्यावर त्याच्या नजरेत जावयाबद्दल करुणा आली. "गळेल, सार," तो म्हणाला. आम्ही सांगितलं, गळायलाच हवंय. पाणी नाही, उजेड. शेवटी जावयाला सुचलं आणि त्यानं पिंडीवरच्या अभिषेकपात्राचं नाव घेतलं. आपल्याकडे त्याला 'गळती' म्हणतात, इथे 'धारापात्र'. ते ऐकल्यावर कारागिराचा चेहरा सुटला. एका भोकाचं भांडं देवाला चालतं, तर पावणेतीनशे भोकांचं कुठल्या तरी मोठ्या देवाचं असणार, असा त्याचा हिशेब झाला असावा. त्यानं मजुरी कमी केली.

आता या गावाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती ऐकल्यावर मला माझा अपराध फारच लहान वाटू लागला. प्रलयाच्या वेळी ब्रह्मदेवानं सृष्टीची बीजं आणि अमृत एका कुंभात घालून तो पाण्यावर सोडून दिला. तो तरंगत तरंगत येऊन जिथे टेकला, तिथे शंकरानं शिकाऱ्याच्या वेशात येऊन बाण मारला. कुंभाला भोक पडलं, अमृत सांडलं, सृष्टी सुरू झाली. ते हे गाव. म्हणजे ज्या गावाची स्थापनाच घड्याला भोक पाडून झाली, तिथे मी घड्याला भोक पाडतोय म्हणून लोकांनी हसावं? त्यांनी एकच पाडलं, मी थोडी जास्त.

तसं बघितलं तर भोकाचा घडा आणि आकाश यांचा संबंध आपल्याकडे जुनाच. पाण्यावर ठेवलेलं, बुडाशी बारीक भोक असलेलं पात्र चोवीस मिनिटांत भरून बुडायचं, ती घटका. लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्रावर डोळे लावून बसणारे ज्योतिषी आपल्या आजोबांनी पाहिलेले आहेत. घट, घटिका, घटका, आणि शेवटी घटकाभर टेकलेला पाहुणा. सगळं त्या एका भोकातून आलेलं.

घड्याचं बूड म्हणजे उत्तर ध्रुव, तोंड म्हणजे दक्षिण. तोंडातून दिवा आत सरकवायचा आणि घडा पुरता आडवा न ठेवता, बूड उत्तरेला करून, किंचित वर उचलायचं. किती वर? तुमच्या गावाच्या अक्षांशाइतकं. पुण्यात साडेअठरा अंश. कुंभकोणमला अकरा. या गावाच्या नावाची व्युत्पत्ती पंडित लोक कुंभ आणि घोण, म्हणजे घड्याचं नाक, अशी लावतात. मला ते पटत नाही. कुंभाला कोन द्या, अशी ती सरळ सरळ सूचना आहे.

पहिल्या रात्री साठ वॅटचा दिवा आत घातला. घडा तापून पापड भाजण्याइतका झाला आणि भिंतीवर तारे उमटले ते वेटोळ्यासारखे, कारण बारीक भोकातून दिव्याच्या तारेचीच प्रतिमा पडते. आकाशात पावणेतीनशे जिलब्या. सौ. म्हणाली, "अहो, बरं दिसतंय की." तिला जिलबी आवडते. मग विजेरीतला टिचभर दिवा आणला, ज्याची तार डोळ्याला धड दिसत नाही इतकी लहान, तेव्हा कुठे ताऱ्यांचा ठिपका झाला. पाचशे वॅट लावून जे जमत नाही ते दोन सेलवर जमतं. नवख्यांपैकी प्रत्येक जण आधी मोठाच दिवा लावतो. आम्ही अडवत नाही.

आणखी एक पंचाईत दक्षिणेची झाली. घड्याच्या गळ्यानं तिकडच्या आकाशाचा मोठा तुकडा गिळला. त्यात त्रिशंकू गेला. पुण्याहून जेमतेम क्षितिजावर दिसणारा त्रिशंकू इथे चांगला दिसतो, म्हणून मी किती उत्साहात होतो! पण त्याच्या नशिबीच ते आहे. स्वर्गात जागा नाही, पृथ्वीवर नाही, आता घड्याच्या गळ्यात अडकला. अगस्त्य मात्र गळ्याच्या काठाला लागून थोडक्यात बाहेर निसटला. हे मी शेजारच्या रायरमामांना सांगितलं तर ते म्हणाले, निसटणारच; तो कुंभातूनच जन्मलेला आहे, त्याला वाट ठाऊक.

रायरमामा म्हणजे तंजावरी मराठी. इथे मराठी घराण्यांना तमिळ लोक 'रायर' म्हणतात, आपल्या 'राव'वरून. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी माणसं कावेरीकाठी आली, त्यांच्या कितव्या तरी पिढीतले. घरात बोलतात ती मराठी साडेतीनशे वर्षं तमिळच्या वाफेवर शिजलेली. त्यांच्याकडे वांग्याच्या आमटीला 'रसवांगी' म्हणतात आणि आपलं पिठलं त्यांच्या ताटात 'पिटलै' होऊन भलत्याच रूपात भेटतं. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, आपल्याच आजीचं लुगडं कुणीतरी परक्या पद्धतीनं नेसलंय. मामांच्या आई चौऱ्याऐंशीच्या. त्यांना सगळी गल्ली आजीच म्हणते, मराठीत.

तर भाताच्या कोठीच्या खोलीत, जिला खिडकी नाही, आमचं तारांगण उघडलं. प्रवेश मोफत. वेळ जेवणानंतर. आणि नवे लोक यायला लागले.

पुण्यात तारे दाखवताना लोक पहिल्यांदा विचारतात, ध्रुव कुठे? ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या कार्यक्रमांत मी हे पुष्कळदा ऐकलंय. १९४४ सालची संस्था, तेव्हापासून ध्रुवच दाखवत असणार. इथे ध्रुव अकरा अंशांवर, नारळीच्या झापांमागे, त्याला कुणी विचारत नाही. इथे प्रत्येक जण आत आल्याबरोबर म्हणतो, "सार, माझं नक्षत्र कुठलं ते दाखवा." कारण इथे प्रत्येकाला स्वतःचं नक्षत्र पाठ असतं. देवळात अर्चना करायची तर नाव, गोत्र आणि नक्षत्र सांगावं लागतं. आपल्याला आधार कार्डाचा आकडा येणार नाही, त्यांना नक्षत्र येतं. पण ते कुठे असतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. रोज ज्या पत्त्यावर पत्र टाकतो ते घर कधी बघितलेलंच नाही, असं.

मी आधी चिडायचो. विज्ञान शिकवायला बसलो की हे पंचांग काढतात. 'एळरै' कधी संपेल, म्हणून कुणी विचारायचं. एळरै म्हणजे साडेसातच. शनी सगळ्या भाषांत तेवढाच भाव सांगतो. मी ठणकावून सांगायचो, शनी इथून शंभर कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे, त्याला तुमच्या बढतीशी काही कर्तव्य नाही. लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी येत नसत. आठवड्याभरात प्रेक्षकांत मी, सौ. आणि झोपलेली नात एवढेच उरलो.

मग आजी आल्या. त्यांना खुर्ची दिली, दिवा लावला, मी घडा हळूहळू फिरवू लागलो. पूर्वेच्या भिंतीवर तारे उगवत होते. माझं निवेदन रंगात आलं होतं. मृग उगवला, त्यामागून रोहिणी, त्यामागून कृत्तिकांचा पुंजका. आजी म्हणाल्या, "थांबा. रोहिणीच्या आधी मृग कसं आलं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग," आजींनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "कृत्तिका आधी. तुमचं सगळं उलटं चाललंय."

खोलीत शांतता पसरली. मी दिवा काढून घडा बघितला, आकाशाचा नकाशा बघितला, आणि घाम फुटला. नकाशा असतो तो खाली उभं राहून वर बघणाऱ्यासाठी. मी तो घड्याला बाहेरून चिकटवून तसाच टोचला होता. घड्याला बाहेरून बघणं म्हणजे आकाश देवाच्या बाजूनं बघणं. तिथून सगळं उलटं दिसलं पाहिजे. तसं न करता मी ते सरळ कोरलं, त्यामुळे भिंतीवर आरशातलं आकाश पडत होतं. वृश्चिकाची नांगी भलतीकडे वळलेली, सप्तर्षींची शेपूट उलटी, आणि तीन आठवडे मी त्याच्यावर प्रवचन देत होतो. पावणेतीनशे भोकं, एकूण एक चुकलेली! पकडली कुणी, तर दुर्बीण कधी डोळ्याला न लावलेल्या आणि मृत्युयोग पाहिल्याशिवाय दळण न टाकणाऱ्या आजींनी.

दुसरा घडा आणायला गेलो तेव्हा कारागीर म्हणाला, "पहिला गळत नाही का?" त्याला काही सांगितलं नाही. तो पहिला घडा आता अंगणात आहे, झारी म्हणून. जास्वंदीला आरशातल्या नक्षत्रांचं पाणी मिळतं.

तेव्हापासून मी नव्या माणसाला त्याचं नक्षत्र आधी दाखवतो. आर्द्रा म्हणणाऱ्याला तांबूस काक्षी, ज्येष्ठा म्हणणाऱ्याला विंचवाच्या काळजातला लाल तारा, मघा म्हणणाऱ्याला सिंहाच्या आयाळीखालचा. गल्लीतली एक मुलगी आली. बँकेत नोकरी, पण नक्षत्र मूळ, त्यामुळे सोयरिकीची बोलणी नक्षत्रापाशी येऊन थांबायची. मूळ म्हणजे विंचवाची नांगी. पुण्याच्या मानानं इथे ती पुष्कळ वर येते, आणि आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग तिच्याच शेजारी असतो. नांगीचा तो आकडा भिंतीवर चढला आणि खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम 'आहा' निघालं. तिचं नक्षत्र ऐकून लोक नेहमी गप्प होत. बघून कुणी 'आहा' म्हटल्याची ही पहिली वेळ. ती आता दर शनिवारी घडा फिरवायला येते.

आणि मी वाचून बघितलं तर या छंदाचा इतिहासही भीतीनंच सुरू झालेला निघाला. हॉलंडात फ्रानेकर म्हणून गाव आहे. ८ मे १७७४ रोजी चंद्र आणि चार ग्रह आकाशात जवळ जवळ येणार होते, आणि ते एकमेकांवर आपटून पृथ्वी सूर्यात जाऊन पडेल अशी आवई उठली. त्या गावात आइसे आइसिंगा नावाचा लोकर विंचरण्याचा धंदा करणारा गृहस्थ राहत होता. लोकांची समजूत घालायची म्हणून त्यानं आपल्या बैठकीच्या खोलीच्या छतालाच सूर्यमाला टांगली. घड्याळाच्या लंबकावर चालणारी, ग्रह त्यांच्या खऱ्या वेगानं फिरणारे, म्हणजे शनीला एका फेरीला एकोणतीस वर्षं. हे करायला त्याला सात वर्षं लागली. १७७४ची भीती १७८१ साली दूर झाली! लंबकासाठी पलंगाच्या कपाटाला भोक पाडायला बायकोनं नकार दिला, म्हणून त्याला लंबक आखूड करून सगळा हिशेब नव्यानं करावा लागला, असं तिथे सांगतात. मला त्यात अविश्वसनीय असं काही वाटत नाही. आणि नेमक्या १७८१ सालीच हर्शेलनं युरेनस शोधला. छतावर जागा शिल्लक नव्हती. ते यंत्र आजही चालू आहे, आणि २०२३ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हणून मानलं.

आपल्याकडे फेब्रुवारी १९६२मध्ये अष्टग्रही झाली. जग बुडणार म्हणून ठिकठिकाणी यज्ञ झाले, लोकांनी घरचं तूप दिलं. छताला सूर्यमाला कुणी टांगल्याचं ऐकिवात नाही. एवढाच काय तो फरक.

पण भविष्याच्या ओढीतून शास्त्र शिकवायची किल्ली तंजावरच्या सरफोजीराजांना सापडली होती. राजे १७९८ ते १८३२ गादीवर, सरस्वती महाल ग्रंथालयाचे खरे वाढवणारे. तमिळमध्ये कुरवंजी म्हणून नाटकाचा प्रकार आहे; त्यात डोंगरची कुरवंजी, म्हणजे हात बघून भविष्य सांगणारी बाई, येते आणि नायिकेला तिचं नशीब सांगते. राजांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं नाटक लिहिलं, चक्क मराठीत, आणि त्या भविष्यवालीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. लोक नशीब ऐकायला बसले, आणि खंडं, देश, समुद्र ऐकून उठले. मी हे वाचलं तेव्हा माझे ते तीन आठवडे आठवून कानाची पाळी गरम झाली.

कुंभकोणमलाही आपला माणूस होता. सर टी. माधवराव, १८२८ साली इथे जन्मलेले देशस्थ. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. त्यांच्याबद्दल सांगतात की मद्रासला शिकत असताना आपले मास्तर पॉवेलसाहेब यांच्या माडीच्या व्हरांड्यात खगोलाचे धडे घेतले, आणि मग बांबूच्या नळ्या व बाजारातली भिंगं आणून स्वतःच दुर्बीण केली. बांबू आपल्याकडे या कामी जुनाच. भास्कराचार्यांनी गोलयंत्र करायला बांबूच्याच कांबी घ्यायला सांगितल्यात. तिरुवनंतपुरमला माधवरावांचा पुतळा आहे आणि त्या चौकालाच 'स्टॅच्यू' म्हणतात. रिक्षावाल्याला कुणाचा पुतळा ते विचारू नये. आणि इथेच सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर गणिती रामानुजनचं घर. लहानपणी तो विचारायचा, दोन ढगांमध्ये अंतर किती असतं? अशा पोराला तारांगणात पहिल्या रांगेत बसवावं आणि स्वतः मागच्या दारानं निघून जावं.

मात्र आमच्या तारांगणात एक मोठीच उणीव राहिली, आणि ती नेमकी इथल्या लोकांच्या लक्षात आली. तारे जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांची भोकं पाडता येतात. ग्रह हलतात. आज गुरूसाठी भोक पाडलं तर पुढच्या वर्षी गुरू तिसऱ्याच राशीत. म्हणजे नवग्रहांच्या गावातल्या तारांगणात एकही ग्रह नाही! आलंगुडीला गुरू रास बदलतो तेव्हा गर्दी लोटते, आणि आमच्याकडे तो मुळातच गैरहजर.

तोड नातीनं काढली. ती हातात विजेरी घेऊन भिंतीवर ठिपका पाडत म्हणाली, "आजोबा, मी गुरू." झालं, गल्लीतली सगळी पोरं विजेऱ्या घेऊन आली. मंगळवाल्याला लाल जिलेटीनचा कागद दिला. बुध दिला सर्वांत वळवळ्या पोराला, आणि बजावलं की सूर्यापासून अठ्ठावीस अंशांच्या पलीकडे जायचं नाही. तो दर दोन मिनिटांनी ओरडा खातो. शुक्राला सत्तेचाळीस अंशांची मुभा. शनी एका लठ्ठ, शांत मुलाला दिला. त्याला अडीच वर्षं एका राशीत राहायचंय हे ऐकून तो खूश झाला आणि भिंतीला टेकून बसला. सूर्याचा प्रश्न जावईबापूंनी सोडवला. ते कामावरून रात्री नऊला येतात, खाडकन दार उघडतात, बाहेरचा उजेड आत येतो, तारे पुसले जातात आणि पोरं ओरडतात, "सूर्य उगवला!" दहाव्या ग्रहाची ही बढतीच म्हणायची.

राहू-केतूंवरून मात्र भांडण झालं. ज्याला राहू केलं तो रडायला लागला, कारण त्याला विजेरी मिळाली नाही. राहूला उजेड नसतोच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला दोन ठिकाणी छेदते. एक राहू, समोरचा केतू. नुसत्या जागा. बाकीचे पुढे जातात तेव्हा हे दोघं मागे मागे सरकतात, साडेअठरा वर्षांत एक फेरी. पण चंद्र-सूर्य त्या जागांपाशी एकदम सापडले की ग्रहण लावतात, तेव्हा काम महत्त्वाचं आहे. हे सगळं सांगितलं. पोरगं म्हणालं, मला शनी द्या. राहू झाल्याचं आईला कळलं तर ती तिरुनागेश्वरमला नेऊन दुधाचा अभिषेक करवेल, ही धास्ती वेगळीच.

सध्या आम्ही महामहमची तयारी करतोय. गुरू सिंहेत आला की आपल्याकडे नाशिकला सिंहस्थ भरतो, आणि त्याच गुरूच्या भरवशावर, मासी महिन्यात पौर्णिमेचा चंद्र मघांपाशी आला की, इथल्या महामहम तलावावर लाखो माणसं स्नानाला उतरतात. मागचं महामहम फेब्रुवारी २०१६मध्ये झालं, पुढचं २०२८ साली. आमच्या खोलीत ते दर शनिवारी होतं. नात विजेरी घेऊन सिंहेत उभी राहते, चंद्र झालेलं पोर मघांवर येतं, आणि आजी खुर्चीतून तपासतात. चुकलं तर पुन्हा.

तेव्हा येणाऱ्यानं अवश्य यावं. दार ठेंगणं आहे, डोकं सांभाळा. पंखा बंद असतो, कारण त्याच्या वाऱ्यानं घडा हलतो आणि मग सगळ्यांनाच भूकंपाचा भास होतो. दुर्बीण, पुस्तक, पूर्वतयारी काही नको. आपलं जन्मनक्षत्र मात्र घरी विचारून या. कॉफी शेवटी मिळते, पितळेच्याच पेल्यात, आणि तो गळत नाही. सूर्यापासून शनीपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या आहेत. राहू आणि केतू रिकामे आहेत. विजेरी आणू नये.